मे महिन्यातले उणे चाळीस

मखमलाबादच्या विधाते माळ्यांच्या घरात पहाटे गुलाब तोडायचे, सूर्य वर यायच्या आत बाजारात पोहोचवायचे आणि दुपारी झेंडूला पाणी द्यायचं, असं तीन पिढ्या चालत आलं होतं. त्यातून पुंजाराम सुटला तो मेकॅनिकलचा डिप्लोमा करून. सातपूरला एका परदेशी मोटार कंपनीचा कारखाना होता, तिथे चाचणी विभागात त्याला नोकरी लागली आणि घरात पहिल्यांदा कुणीतरी उन्हाचं सावलीत बसून काम करू लागलं.

पण तो नक्की काय करतो हे सांगणं अवघड होतं. तो गाडी बनवत नव्हता, चालवत नव्हता, दुरुस्तही करत नव्हता. इंजिनाला जागोजागी सेन्सर बसवलेले असत. पाणी किती तापलं, आत येणारी हवा किती गरम आहे, पेट्रोल किती गेलं, पाय किती दाबला, हे सगळं सीटखालचा एक डबा क्षणाक्षणाला नोंदवून ठेवी. संध्याकाळी गाडी परत आली की डब्यातलं कार्ड काढायचं, कॉम्प्युटरला लावायचं आणि पडद्यावर उमटणाऱ्या रंगीत रेघा वाचायच्या, हे पुंजारामचं काम. त्याच रेघा टेलिफोनच्या तारेतून परदेशातल्या मुख्य कचेरीतही जात. त्याची आई गोजराबाई शेजारणींना सांगे, "माझा पुंजा गाडीची नाडी बघतो." याहून नेमकं त्यालाही कधी सांगता आलं नाही.

काम त्याच्या अंगात भिनलं होतं. कुणी बोलू लागलं की त्याच्या डोळ्यांपुढे रेघ उभी राही. बायकोचा, छायाचा, राग हळू चढतो आणि त्याहून हळू उतरतो, हे त्याने एकदा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून दाखवलं. त्या दिवशी तो उतरलाच नाही.

दोन हजार दोनच्या मे महिन्यात हा प्रकार सुरू झाला. चाचणीची गाडी रोज सातपूरहून निघून घोटी, इगतपुरी करत कसारा घाटापर्यंत जाई आणि परत येई. चालवायला भिकन अहिरे असे. तो सटाण्याकडचा, मितभाषी माणूस. गाडीविषयीच काय ते बोलायचा. एका संध्याकाळी कार्ड देता देता तो म्हणाला, "साहेब, गाडी भलतं पेट्रोल पेस. काळा धूर बी मारस."

पुंजारामने रेघा काढल्या. बाकी सगळं ठीक होतं, पण आत येणाऱ्या हवेच्या तापमानाची रेघ तळाला जाऊन सपाट पडली होती. उणे चाळीस अंश. बाहेर नाशिकचं ऊन असं होतं की कारखान्याच्या आवारातली कुत्री पाण्याच्या टाकीखाली लोळत होती.

त्यात काही गूढ नव्हतं. सेन्सरची वायर सुटली की गाडीच्या कॉम्प्युटरला काहीच कळत नाही, आणि काही कळत नसलं की तो त्याच्याकडचा सगळ्यांत खालचा आकडा सांगून मोकळा होतो. तो आकडा उणे चाळीस. मग बाहेर एवढी थंडी आहे असं धरून तो बिचारा इंजिनात जास्तीचं पेट्रोल ओतत राहतो. पुंजारामने बॉनेट उघडलं. सेन्सरची क्लिप सुटून लोंबत होती. त्याने ती दाबून बसवली. तिचा दात मोडला होता, ती पुन्हा सुटली. नवी क्लिप मागवायला हवी होती आणि क्लिपा परदेशातून येत. त्याने तशी नोंद करायला घेतली.

घोटाळा इथेच झाला. मुख्य कचेरीच्या कॉम्प्युटरमध्ये शेऱ्यासाठी चिमूटभर जागा होती. पुंजारामने इंग्रजीत लिहिलेलं वाक्य त्यात मावेना. त्याने एकेक शब्द कमी करत आणला आणि शेवटी जे उरलं त्याचा अर्थ होता: हवेच्या सेन्सरची क्लिप उणे चाळीसला ढिली. त्याला म्हणायचं होतं की क्लिप ढिली आहे म्हणून उणे चाळीस दिसतंय. तिकडे वाचलं गेलं ते असं, की उणे चाळीस अंशांच्या थंडीत क्लिप ढिली पडते.

चार-सहा दिवसांत अभिनंदन आलं. नाशिकच्या शाखेने कुणी सांगितलं नसताना अतिथंड हवामानातली चाचणी हाती घेतली आणि एक महत्त्वाचा दोष शोधून काढला, याचा मुख्य कचेरीला आनंद झाला होता. एकच शंका होती. आकडा सेल्सियसमधला आहे की फॅरनहाइटमधला? पुंजारामने प्रामाणिकपणे कळवलं की उणे चाळीस हा आकडा दोन्हींत सारखाच असतो. यावर, नाशिकच्या मंडळींचा थंडीचा अभ्यास पक्का दिसतो, असं उत्तर आलं आणि ती शंका कायमची मिटली.

तो घाबरून विभागप्रमुख चांदवडकर साहेबांकडे गेला. चांदवडकर हे चांगले पण दमलेले गृहस्थ. हा विभाग बंद करून काम दुसरीकडे न्यायचं, अशी कुजबुज वर्षभर त्यांच्या कानावर येत होती. मुख्य कचेरीकडून शाबासकी आल्याचं त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, घाई करू नका. पुंजाराम म्हणाला, साहेब, इगतपुरीत मे महिन्यात बर्फ पडत नाही. चांदवडकर म्हणाले, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी आपल्याला विचारलेलं नाही.

पुंजारामला हे पटलं नाही. त्याने स्वतः सविस्तर खुलासा लिहिला. वायर, क्लिप, मोडलेला दात, नाशिकचं ऊन, सगळं आलं. उत्तर फार सभ्य होतं. विधाते यांच्या विनयाचं कौतुक करून कळवलं होतं की खोटा आकडा वरखाली होत राहतो. हा रोज घाटाच्या पायथ्याला आणि माथ्याला, सकाळी आणि दुपारी, तसूभरही हललेला नाही. इतकी स्थिर थंडी आमच्याकडेही पडत नाही. तेव्हा आकडा खराच असला पाहिजे.

पाठोपाठ खोकी आली. आत कोट होते, गुडघ्यापर्यंत येणारे, गळ्याला लव असलेले. हातमोजे होते, कान झाकणाऱ्या टोप्या होत्या. सोबत नियमही होता: ही गाडी आता थंड चाचणीची असल्यामुळे पूर्ण पोशाखाशिवाय तिच्यात कुणी बसायचं नाही. भिकनने कोट अंगात घातला, टोपीचे कान हनुवटीखाली बांधले आणि काही न बोलता गाडी काढली. तो घोटीच्या नाक्यावर थांबला तेव्हा लोक त्याला आजारी समजले आणि एका बाईने काचेतून लिंबू आत दिलं. संध्याकाळी कोट पिळल्यावर पाणी निघालं. भिकन एवढंच म्हणाला, "साहेब, आत्ते क्लिप तरी बदला."

क्लिप आली. तिकडच्या लोकांनी थंडीत ढिली न पडणारी नवी क्लिप तयार करून विमानाने धाडली होती. पुंजारामने ती बसवली आणि रेघ टुणकन वर आली, अडतीस अंशांवर. आता तरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडेल म्हणून त्याने सुटकेचा श्वास सोडला. मुख्य कचेरीतल्या बैठकीत मात्र या दोन रेघा शेजारी शेजारी दाखवल्या गेल्या आणि खाली लिहिलं गेलं की नव्या क्लिपमुळे तापमानात अठ्ठ्याहत्तर अंशांची सुधारणा झाली. टाळ्याही वाजल्या म्हणे.

आणि मग थंडीचे तज्ज्ञ स्वतः नाशिकला यायला निघाले. हेगस्ट्रॉम नावाचे उंच, साठीकडे झुकलेले गृहस्थ. तीस वर्षं ते उत्तरेकडच्या बर्फात गाड्या चालवत आले होते. कारखान्यात ते नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांचे हेगडे साहेब झाले. पुंजारामला वाटलं, आपली नोकरी आता यांच्या पायगुणाने जाणार.

भिकनने दोघांना इगतपुरीला नेलं. नियमाप्रमाणे तिघेही कोटात होते. घाटाच्या अलीकडे एका आंब्याखाली गाडी थांबली. हेगडे साहेबांनी कोट काढला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, बूट-मोजे काढून तापल्या मातीवर पाय टेकवले आणि डोळे मिटून उभे राहिले. जवळच एक आदिवासी बाई पानाच्या द्रोणात करवंदं विकत होती. साहेबांनी एक द्रोण घेतला, संपवला, दुसरा घेतला. बोटं जांभळी झाली. सेन्सरकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "विधाते, तुमच्याकडची थंडी फार चांगली आहे."

पुंजारामला आता राहवेना. "साहेब, वायर ढिली होती."

"मला ठाऊक आहे. उणे चाळीस म्हणजे सुटलेली वायर. पोराटोरांना कळतं ते. तुमचा खुलासाही मी वाचला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

साहेबांनी उत्तराऐवजी डावा पाय पुढे केला. त्याला दोन बोटं कमी होती. एका जानेवारीत ती बर्फात गेली होती. पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. थंडीच्या चाचण्या नाशिकला झाल्या असं कागदावर राहिलं, तर पुढचे दोन हिवाळे त्यांना इथे काढता येणार होते. नाहीतर पुन्हा बर्फ. त्यांनी हात जोडले नाहीत, पण त्यांच्या आवाजात ते होतं. आपल्याला कुणी खोटं ठरवील याची पुंजारामने तयारी केली होती. सगळं समजून उमजून कुणी आपल्याकडे आसरा मागेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. भिकन गाडीशेजारी कोट घालून तसाच उभा होता. त्याला कुणी कोट काढायला सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन पुंजारामने जेवताना हे सगळं सांगितलं. गोजराबाईंना साहेबाच्या पायाची कीव आली. "राहू दे की बिचाऱ्याला. तुझं काय जातंय? थंडी काय आपल्या घरची हाय?" छाया भाकरी थापत होती. तिने विचारलं, या गाड्या विकणार कुठे? पुंजाराम म्हणाला, सगळीकडे. आता थंडीत पास झाल्या म्हणून हिमालयातही. छायाचे हात थांबले.

"म्हणजे तिकडं एखादी बाई बाळंतपणाला निघाली, आणि गाडीचं इंजिन सुरूच झालं नाही, तर?"

त्याने पुढे काही खाल्लं नाही. इतके दिवस तो आपली अब्रू, चांदवडकरांचा विभाग, साहेबांची बोटं यांच्यातच फिरत होता. ज्याच्यासाठी ही सारी चाचणी असते तो गाडीत बसणारा माणूस या गोंधळात कुणाच्याच लक्षात राहिला नव्हता. त्याच्याही नाही. याची त्याला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो परवानगीचा कागद घेऊन हेगडे साहेबांकडे गेला आणि म्हणाला, तुम्ही इथे राहा, तुमच्याविषयी मी कुठे चकार शब्द काढणार नाही. पण एक गाडी खऱ्या थंडीत जायला हवी. तुम्ही येऊ नका. मी जातो. साहेबांनी कागद पुरता वाचायच्या आत सही केली.

जानेवारीत पुंजाराम आणि भिकन गाडी घेऊन हिमाचलात स्पितीच्या खोऱ्यात गेले. जन्मात पहिल्यांदा त्या कोटांना काम मिळालं. ज्या गावात ते उतरले तिथे नोरबू नावाचा टॅक्सीवाला होता. त्याच्याच घरी त्यांची सोय झाली. सकाळी उठून पुंजाराम बाहेर आला तर ओढा मधल्या मध्ये थांबलेला, झाडावरचा कावळाही फुगून बसलेला. त्याने किल्ली फिरवली. गाडीने एकदा कण्हल्यासारखं केलं आणि गप्प झाली. भिकनने किल्ली फिरवून पाहिली, गाडी पुन्हा गप्प. इतक्या थंडीत बॅटरीत जीवच उरला नव्हता.

नोरबू हसला नाही. त्याने पुंजारामला आपली टॅक्सी दाखवली. तिच्यावर जाड घोंगडी होती आणि तिचं तोंड पूर्वेला होतं. सूर्य डोंगरावर आला की आधी बॉनेट तापतं, मग घोंगडी काढायची, चहा प्यायचा, मग किल्ली फिरवायची, एवढंच तंत्र. त्यांनी गाडी ढकलून पूर्वेकडे वळवली. ऊन आलं. तिघांनी चहा घेतला, दुसऱ्यांदाही घेतला, आणि गाडी सुरू झाली.

पुंजारामने मांडीवरच्या कॉम्प्युटरवर रेघ पाहिली. उणे एकोणीस. ती सरळ नव्हती. वाऱ्याची झुळूक आली की थोडी खाली जाई, ऊन वाढलं की थोडी वर येई. त्याच्या कानांच्या पाळ्या दुखत होत्या, नाक बधिर झालं होतं, आणि आकडाही तेच सांगत होता. तो बराच वेळ रेघेकडे बघत बसला. भिकनने विचारलं, काय झालं? पुंजाराम म्हणाला, काही नाही, बरोबर आहे.

आठवडाभराची नोंद घेऊन तो परतला आणि त्याने अहवाल लिहिला. बॅटरी मोठी हवी, स्टार्टर दमदार हवा. शेऱ्याच्या जागेत काही न कोंबता त्याने वेगळी पानं जोडली. मुख्य कचेरीने ती काळजीपूर्वक वाचली आणि परत पाठवली. हिमाचलातली नोंद नाशिकच्या नोंदीशी जुळत नव्हती. नाशिकला उणे चाळीसमध्ये गाडी पहिल्या फटक्यात सुरू होत असताना उणे एकोणीसमध्ये बंद पडते, हे शक्य नाही. शिवाय हिमाचलचा आकडा सारखा हलतो, म्हणजे सेन्सर नादुरुस्त आहे. एकंदरीत तिथली थंडी अपुरी असून पुढील चाचण्या नाशिकलाच घ्याव्यात.

पुंजाराम भांडला. त्या वर्षी तो जेवढा भांडला तेवढा आयुष्यात भांडला नव्हता. चांदवडकर साहेबांनी त्याला अडवलं नाही, पण साथही दिली नाही. हेगडे साहेबांनी मात्र एक केलं. गाडीच्या मालकाला द्यायच्या माहितीपुस्तकात थंडीचं पान लिहिणं त्यांच्या अखत्यारीत होतं. त्यांनी पुंजारामला सांगितलं, तुम्हाला हवी ती एक ओळ द्या, मी घालतो. पुंजारामने नोरबूची ओळ दिली: थंड प्रदेशात गाडी रात्री पूर्वेकडे तोंड करून उभी करावी, म्हणजे सकाळचं ऊन इंजिनावर पडेल; वरून घोंगडी घालावी. छापताना जागा कमी पडली. 'थंड प्रदेशात' गेलं, ऊन गेलं, घोंगडी गेली. उरलं ते एवढंच: गाडी रात्री पूर्वेकडे तोंड करून उभी करावी.

नाशिकमध्ये हे वाक्य फार लोकांना पटलं. गाड्या विकणाऱ्यांनी नवी गाडी पूर्वाभिमुखच ग्राहकाच्या हाती द्यायला सुरुवात केली. पंचवटीतल्या एका गुरुजींनी, परदेशी लोकांनासुद्धा अखेर दिशा कळली, असं सांगितलं. गोजराबाई गल्लीभर सांगत सुटल्या, "माझ्या पुंजानं गाडीत शास्त्र आणलं." पुंजाराम भेटेल त्याला समजावत राहिला की हे ऊन पडावं म्हणून आहे, नाशिकला त्याची गरज नाही, उलट सीट तापेल. लोक मान डोलवत आणि गाडी पूर्वेकडे वळवत. चांदवडकर साहेबांची गल्ली दक्षिणोत्तर होती. ते गाडी आडवी लावू लागले. शेजाऱ्यांना सकाळी स्कूटर काढायला जागा उरत नसे. तरीही तक्रार कुणी केली नाही, कारण पुस्तकात छापलेलं होतं.

विभाग बंद झाला नाही. इगतपुरीजवळ सागाच्या झाडांत पत्र्याची शेड उभी राहिली, तिच्यावर थंड हवामान चाचणी केंद्र अशी पाटी लागली आणि पुंजाराम तिचा प्रमुख झाला. त्याने ते पद घेतलं, कारण नाकारलं असतं तर दुसरा कुणीतरी आला असता आणि त्याला क्लिप कुठली हेही माहीत नसतं. भिकनला त्याने कोटातून सोडवलं, तेही असं कळवून, की नाशिकच्या लोकांना सवयीने थंडी वाजेनाशी झाली आहे. हे मुख्य कचेरीला लगेच पटलं. हेगडे साहेबांनी दोन्ही हिवाळे गंगापूर रोडला काढले, सकाळी मिसळ खाल्ली आणि गावी परत जाताना करवंदाचं लोणचं नेलं.

बॅटरीसाठी मात्र पुंजाराम थांबला नाही. दर जानेवारीला तो आपली रजा टाकून एक गाडी स्पितीला न्यायचा आणि नोंद पाठवायचा. ती नापास होऊन परत यायची, तो पुन्हा पाठवायचा. पाचव्या वर्षी तिकडच्या कुणा नव्या माणसाने ती नीट वाचली असावी, कारण त्या सालच्या गाड्यांत मोठी बॅटरी आली. कारण म्हणून लिहिलं होतं, नाशिकच्या अनुभवावरून. पुंजारामने तेही चालवून घेतलं.

त्याच वर्षी छाया हट्टाने त्याच्याबरोबर गेली. तिने बर्फ कधी पाहिला नव्हता. नोरबूच्या अंगणात उतरताच तिने हातमोजा काढला, मूठभर बर्फ उचलला आणि म्हणाली, मुंबईला पाठवायच्या फुलांच्या खोक्यात घालतो तसलाच आहे की. पण हात तिने मागे घेतला नाही. बोटं लाल होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, वर डोंगराकडे बघत.

"तुमचं यंत्र काय म्हणतंय?" तिने विचारलं.

पुंजारामने वाकून गाडीत पाहिलं. "उणे सतरा."

छायाने बर्फ खाली टाकला, बोटं तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली. "खरं वाटतंय," ती म्हणाली.